बसका बैल आणि दुपट्ट्याखालचा सौदा

मला एक दुश्मन आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे त्याच्याबद्दल माझ्या हातून दोन बरे शब्द लिहिले गेले तर कोणाचा गैरसमज व्हायला नको. मी त्याला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. त्या माणसानं मला बसका बैल विकला.

बसका बैल म्हणजे काय ते शहरातल्या वाचकाला समजावून सांगावं लागेल. दिसायला असा बैल राजबिंडा असतो. खांदा भरलेला, शिंगं सारखी, चाल बघत राहावी अशी. पण चालता चालता त्याच्या मनात काहीतरी येतं आणि तो खाली बसतो. मग शेपटी पिरगाळा, कानात ओरडा, त्याच्या खानदानाचा उद्धार करा, तो रवंथ करत तुमच्याकडे बघत राहतो. त्याला वाटेल तेव्हाच तो उठतो. असा बैल विकताना खोड सांगावी लागते. माझ्या दुश्मनानं सांगितली नाही.

आम्ही दोघंही गुरांचे दलाल, बाजार यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबचा. तो दलालाचाच मुलगा, बापाच्या जागेवर बापाचीच काठी घेऊन उभा राहिलेला. मला जागा नव्हती, काठी नव्हती आणि बाप असून नसल्यासारखा होता. लोकांचे कासरे धरत, शेणात उभं राहून, मोठ्या दलालांच्या शिव्या खात मी हा धंदा शिकलो आणि त्याच बाजारात माझ्या शब्दाला वजन आणलं. त्यामुळे मला फसवणं ही साधी गोष्ट नव्हती. ती माझ्या सगळ्या कमाईची टिंगल होती.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोन दलाल समोरासमोर उभे राहतात, एकाच्या खांद्यावरचा दुपट्टा दोघांच्या हातांवर पडतो आणि खाली बोटं बोलतात. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, यावर आकडा ठरतो. सगळा पंजा दाबला म्हणजे मंजूर. हात झटकला म्हणजे नामंजूर. भोवती गर्दी असते, बैलाचा मालक कान टवकारून उभा असतो, पण वर दिसतात ते फक्त दगडासारखे दोन चेहरे. आणि कायदा एकच: दुपट्ट्याखालची गोष्ट दुपट्ट्याखालीच राहते. बैलाच्या दातांबद्दल मी खोटं बोललो असेन, पण दुपट्ट्याखालचं कधी तोंडावर आणलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही, आणि ती माणसाच्या पोटातून काय काय काढून घेऊ शकते हे मला माहीत आहे.

तर तो बैल. जोडी मी कळंबच्या एका गिऱ्हाइकासाठी घेतली होती आणि ऐट म्हणून स्वतः पोचवायला गेलो. दिवस चतुर्थीचा. चिंतामणीच्या दर्शनाला गर्दी लोटलेली, आणि देवळाच्या वाटेवर बरोबर मधोमध उजवा बैल खाली बसला. देवळाकडे तोंड करून. मी कासरा ओढला, ओरडलो, लाथ उगारली. तेवढ्यात एक बाई म्हणाली, "मारू नका हो भाऊ, बैलाले दर्शन होऊन राह्यलं." झालं! कोणी त्याला कुंकू लावलं, कोणी गळ्यात हार घातला, एका आजीबाईनं त्याच्यापुढे नारळ फोडला. लोक बैलाच्या पाया पडत होते आणि मी कासरा हातात घेऊन बाजूला उभा होतो, पुजाऱ्यासारखा. गिऱ्हाइकानं सगळं बघितलं आणि मला हात जोडले. "देवाचा बैल मी औताले कसा जुंपू, भाऊ?" म्हणाला आणि गेला.

पुढच्या बाजारापर्यंत माझं नाव 'बसका' पडलेलं होतं. आजही तेच आहे. मी जाब विचारायला गेलो तेव्हा माझा दुश्मन काठीवर रेलून शांतपणे म्हणाला, "माह्याकडं होता तवर उभा होता. तुह्याकडं येऊन भक्त झाला, त्याले मी काय करू?" सगळा बाजार हसला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. बंद म्हणजे शिव्या सोडून.

मग कोरोना आला आणि बाजारच बंद झाला. पहिल्या वेळी आम्ही थाळ्या वाजवल्या. माझ्या बायकोनं इतक्या जोरात वाजवली की परातीला पोचा आला. कोरोनाला काही झालं नाही. दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात मात्र कोणाला थाळी सुचली नाही. फोन वाजला की उचलायची भीती वाटायची. जनावरांच्या बाजाराला कुलूप. मी काही बसून राहणाऱ्यातला नाही, नाव काहीही पडलेलं असो. टरबुजं विकली, वाफ घ्यायची यंत्रं विकली, काढ्याच्या पुड्या विकल्या. काढ्यानं तोंड कडू होतं, यापलीकडे त्याचा कुठलाही गुण मी गिऱ्हाइकाला सांगितला नाही.

त्याच दिवसांत कळलं की माझा दुश्मन आणि त्याचा थोरला भाऊ, दोघंही एकाच घरात आजारी पडले आणि दोघांनाही यवतमाळला नेलं. माझा दुश्मन परत आला. भाऊ परत आला नाही. त्याचं शरीरही घरी आलं नाही. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिकडेच काय ते उरकलं. इकडे गल्लीतल्या लोकांनी त्यांच्या घरापुढे बांबू रोवून टिनाचे पत्रे ठोकले. मी "वाईट झालं" म्हणालो आणि टरबुजं मोजायला लागलो. तेव्हा लोक मित्राकडे जात नव्हते, मी दुश्मनाकडे कशाला जाऊ?

एका दुपारी त्याचा फोन आला.

"भाऊ, मी बोलून राह्यलो."

"कोन भाऊ? कोनाचा भाऊ?" मी म्हटलं. आवाज मी ओळखला होता. 'भाऊ' ओळखीचा नव्हता.

"तो बैल बसका होता," तो म्हणाला. "मले माईत होतं. मुद्दाम तुह्या गळ्यात बांधला. माफ कर."

मी फोन कानापासून काढून नंबर पुन्हा बघितला. नंबर त्याचाच होता.

"अन् माह्याजवळ एक जोडी आहे. तू घेऊन जा. तुले जनावर समजते. दुसऱ्याले द्याचं मन नाई."

"भाव?"

"तू सांग."

मी असा भाव सांगितला की बाजारात तो बोललो असतो तर काठी खाल्ली असती. तो म्हणाला, "ठीक आहे. ने उद्या."

मी सरपंचाची निवडणूक जिंकल्यासारखा घरात शिरलो. बायको सुपात तुरीची डाळ पाखडत होती.

"माफी मागतली त्यानं!" मी म्हटलं. "सोताहून!"

"अन्?"

"अन् जोडी देऊन राह्यला. मी म्हनीन त्या भावात!"

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग त्याचं काही खरं नाई," ती म्हणाली. "तब्येत पाहून या त्याची."

मला असा राग आला! एवढा मोठा विजय घेऊन घरी आलो तर हिला त्यात रोग दिसला. पण संध्याकाळपर्यंत माझाही उत्साह गेला आणि त्याच्या जागी दुसराच राग आला. ते भांडण मी इतकी वर्षं जपलं होतं. कोणत्या लग्नात, किती लोकांसमोर, कोणतं वाक्य त्याच्या तोंडावर मारायचं हे ठरवून ठेवलं होतं. आणि यानं ते टेलिफोनवर दोन वाक्यांत संपवून टाकलं, मला न विचारता. वर पहिल्याच भावाला हो म्हणाला. पहिल्या भावाला हो म्हणणारा माणूस एक तर चोरीचा माल विकतो, नाही तर त्याला मालाशी आणि पैशाशी काही घेणंच उरलेलं नसतं. हा चोर होता हे मी सगळीकडे सांगत आलो होतो, पण जोडी चोरीची नव्हती. ती त्यानं वासरं असल्यापासून वाढवलेली.

सकाळी मी मोटरसायकल काढली. सांगायला जोडी बघायला, खरं म्हणजे भांडायला. नाक्यावर पोलिसानं अडवलं. "कुठी निंगाले?"

"भांडाले," मी म्हटलं.

"मास्क लावून भांडा," तो म्हणाला आणि सोडलं.

त्याच्या घरापुढचे पत्रे तसेच होते. एका बाजूनं अंग चोरून आत गेलो. त्याची बायको चुलीपाशी होती. तिनं मला बघितलं आणि तिचा विश्वास बसेना.

"भाऊजी, तुम्ही? आमच्याकडं?" मग जरा थांबून म्हणाली, "चहा ठेवू का? घ्यान ना आमच्या घरचा?"

बाई आपल्याच घरात हे विचारत होती.

"ठेवा वहिनी," मी म्हटलं. "साखर जास्त टाका. तुमच्या नवऱ्यानं आजवर लय कडू पाजलं मले."

तो गोठ्यात होता. दाढी केलेली, धुतलेले कपडे. बैल पाण्यानं धुतलेले, शिंगांना तेल. सगळं कसं आवरून ठेवल्यासारखं. फक्त एक वस्तू दिसत नव्हती.

"काठी कुठी आहे बे?"

"देली," तो म्हणाला. "गावात एकाले पाहिजे होती."

दलाल काठी देत नाही. दलालाची काठी त्याच्या मुलाकडे जाते, तीही तो गेल्यावर. मी ते ऐकलं, पण अजून माझ्या डोक्यात भांडणच होतं.

"काल बोललो तो भाव जास्त झाला," मी सुरुवात केली.

"मंग कमी कर."

"निम्मे देतो."

"बरं."

"डाव्या बैलाचं वय झालेलं दिसते."

"असंल."

"असंल? अबे, चार दाती जवान बैल आहे! असंल काय म्हनतं? शिवी दे ना मले!"

"तुले द्याचं ते दे. नाई देलं तरी चालते."

"बिडीच्या बंडलात देतं काय?"

"ने," तो म्हणाला.

सौदा म्हणजे दोरी असते. एकानं ओढली की दुसऱ्यानं ओढायची. समोरच्यानं सोडून दिली तर ओढणाराच उताणा पडतो. मी त्या माणसाला ओळखत होतो. तो मढ्याच्या टाळूवरचं लोणी भाव करून विकेल असा माणूस. त्याची जनावरं तो बिडीच्या बंडलात देत होता आणि माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नव्हता. बायको काय म्हणाली ते मला आता कळलं.

दारात वहिनी होती. पलीकडच्या खोलीच्या दारात गेलेल्या भावाची बायको बसलेली. दोघींचे कान आमच्याकडे. इथे हा तोंडानं काही बोलणार नव्हता. पण या माणसाचा हात मला पाठ होता. मी खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली, त्याच्या हातावर ओतलं, माझ्या हातावर ओतलं आणि माझा दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकला. हात लावू नका, लांब राहा, असं सरकार रोज सांगत होतं. सरकारनं गुरं विकलेली नाहीत.

मी वाकून हळू म्हटलं, "एक गोष्ट इचारतो. पंजा दाबला त हो, झटकला त नाई. बजारचा कायदा आहे, खोटं चालनार नाई."

त्यानं मान हलवली.

"जीव द्याचं मनात आहे का तुह्या?"

असं तोंडावर विचारू नये, विचारलं की नसलेला विचारही डोक्यात जातो, असं पुष्कळ लोक समजतात. मला तेव्हा खरं-खोटं काही माहीत नव्हतं. मला फिरवून विचारता येत नाही, एवढंच.

बैल रवंथ करत होते. चुलीवर आधण उकळत होतं. मग दुपट्ट्याखाली त्यानं माझा पंजा दाबला. पक्का, जसा तो आयुष्यभर सौद्यांना दाबत आला होता तसाच.

"कई? कोन्या दिवशी?" मी विचारलं.

ओठ न हलवता तो म्हणाला, "जोडी चांगल्या घरी गेली का मंग."

म्हणजे सगळं आवरून झालं होतं आणि फक्त बैल राहिले होते. आणि त्यांचं गिऱ्हाईक मी होतो. मी 'घेतो' म्हटलं असतं तर संपलं. 'नाही घेत' म्हटलं असतं तर त्यानं दुसरा कोणी शोधला असता. जन्मात पहिल्यांदा मला सौदा करायचाही नव्हता आणि मोडायचाही नव्हता.

मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला आणि मोठ्यानं ओरडलो, "या भावात मी घेत नाई! भीक देतं का बे मले? जोडी मी औताले लावून पाहीन, गाडीले जुंपून पाहीन, कळंबच्या देवळापुढून नेऊन पाहीन. एक खेप बसका देला तुनं मले! अन् तवर ही जोडी माह्या हातात अडकली. दुसऱ्याले दाखवली त बजारात तोंड दाखवू देनार नाई!"

तो बघतच राहिला. पण कायदा त्यालाही माहीत होता. एका दलालाचा हात सौद्यात असला की तो सोडेपर्यंत दुसऱ्याला माल दाखवता येत नाही. हा नियम त्याच्या बापानंच बाजारात चालवलेला.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. आमचे हात अजून दुपट्ट्याखाली. "झाला का सौदा?" तिनं विचारलं.

दुपट्ट्याखालची गोष्ट दुपट्ट्याखालीच राहते. या एका कायद्यावर माझी रोजीरोटी चालते.

"वहिनी, खाली बसा," मी म्हटलं. "याच्या मनात जीव द्याचं आहे. आत्ताच मले सांगतलं यानं."

त्यानं हात असा हिसकला की चहा सांडला. "हरामखोर! दुपट्ट्याखालचं बोलला! दलाल म्हनतं सोताले? माह्या बापानं तुले बजारात उभं राहू देलं तेच चुकलं! बसका त बसका, वरून चुगलखोर!" आणि पुढे बरंच काही, जे छापता येणार नाही. माझी आई, माझा बाप, माझी काढ्याची पुडी, कोणी सुटलं नाही. मी चहा भरलेले पाय पुसत ऐकत होतो. फोनपासून त्या घटकेपर्यंत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात जीव होता.

"दे," मी म्हटलं. "लय दिवसाच्या राह्यल्या आहेत."

वहिनी ओरडली नाही की रडली नाही. "मले वाटतच होतं," ती म्हणाली. "जेवत नाई, झोपत नाई, एकेक वस्तू लोकाइले वाटून राह्यले. पन इचारलं नाई. तोंडातून निंगालं त खरं होईन असं वाटे."

मग तोच खाली बसला. "मी आनला रोग घरात," तो म्हणाला. "बजार बंद असून चोरून बैल दाखवाले गेलतो. दादा माह्यानं गेला."

पलीकडच्या दारातून मोठ्या वहिनींचा आवाज आला. "कोनी सांगतलं तुम्हाले? ते तुमच्या आधीपासून खोकलत होते. मी कोनाले बोलली नाई, गल्लीतले टिन ठोकतीन म्हनून. मंग काय मी मारलं त्याइले?"

त्यानं मान वर केली नाही. मी असं लिहिणार नाही की हे ऐकून त्याचा भार उतरला. उतरला नाही. भाऊ गेला होता, झोप गेली होती, बाजार गेला होता, गल्लीनं पत्रे ठोकले होते; हे ओझं एका वाक्यानं उतरणारं नव्हतं. पण आता ते एकट्याच्या डोक्यावर नव्हतं, चौघांच्या मध्ये जमिनीवर पडलेलं होतं.

वहिनीनं गावच्या आशाताईला फोन लावला. ती म्हणाली, त्यांना एक मिनिट एकटं सोडू नका, घरात धोक्याचं जे असेल ते बाहेर काढा आणि आजच्या आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या. आम्ही घर धुंडाळलं. काय काय निघालं ते लिहीत नाही. लिहून कोणाचं भलं व्हायचं नाही. पोतं बांधून पत्र्याशी आलेल्या आशाताईच्या हवाली केलं. मग मी पुढे, माझा दुश्मन मध्ये, वहिनी मागे, असे आम्ही एका मोटरसायकलवर निघालो. नाक्यावर तोच पोलीस.

"झालं का भांडन?"

"सुरू आहे," मी म्हटलं. त्यानं तिघांच्या तोंडाकडे बघितलं आणि रस्त्यावर आडवा लावलेला दांडा वर केला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होती, डोक्यापासून पायापर्यंत प्लॅस्टिकमध्ये. फक्त डोळे दिसत होते. तिनंही त्याला तोच प्रश्न विचारला, माझ्याइतकाच सरळ. मग पुष्कळ वेळ त्याचं ऐकलं, गोळ्या लिहिल्या. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही यांचे कोण?"

"दुश्मन."

तिनं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "खरं आहे."

"बरं," डॉक्टरबाई म्हणाली. "तुम्ही विचारलंत ते चांगलं केलंत. आणि घरी सांगितलंत ते त्याहून चांगलं. अशी गोष्ट गुपित ठेवायची नसते."

"याले असं काही सांगू नका," माझा दुश्मन पहिल्यांदा आपणहून बोलला. "आधीच लय माजलेला आहे."

मी तिच्याशी भाव करून बघितला. सवय आहे. "बाई, एक गोळी कमी करा अन् एका महिन्यात मोकळा करा याले."

"काका, हा बाजार नाही."

"सगळा बाजारच आहे, बाई."

"मग माझा भाव एकच. गोळी रोज. झोप लागली का, जेवला का, मनात काय येतं, हे रोज विचारायचं. एकटं ठेवायचं नाही. जास्त वाटलं तर तारखेची वाट न बघता इथे यायचं. आणि बरं वाटलं म्हणून मनानं गोळी बंद करायची नाही. यातलं काही कमी होणार नाही."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. कुठेच फट नव्हती. अशी बाई गुरांच्या बाजारात असती तर मी उपाशी राहिलो असतो.

त्यानंतर बाजार बंद असूनही मी दर बाजाराच्या दिवशी त्याच्या घरी जात राहिलो. एकदा डाव्या बैलाच्या खुराला नाव ठेवलं, एकदा शेपटीच्या गोंड्याला. जोडी गाडीला जुंपून गावाबाहेर नेली आणि मुद्दाम देवळापुढे थांबवली. बैल बसले नाहीत, म्हणून संशय आल्याचं सांगितलं. सुरुवातीला तो "ने ना बाप्पा" एवढंच म्हणायचा. एका खेपेला तर भिंतीकडे तोंड करून पडून होता, उठलाच नाही. मी खाटेजवळ बसून दोन्हीकडून बोललो. माझा भाव मी सांगितला, त्याच्या वतीनं मीच नाकारला, मग माझ्याशीच भांडलो. तेव्हा कळलं मी किती कठीण गिऱ्हाईक आहे. त्या दिवशी जाताना दुपट्टा टाकला आणि तोच प्रश्न विचारला. त्यानं पंजा दाबला. आम्ही तारखेची वाट न बघता त्याला डॉक्टरबाईकडे नेलं. तिनं गोळी बदलली.

माझी बायको त्या घरी जाऊन दोन्ही वहिनींजवळ बसायची. एक दिवस तिनं स्वतःच घरापुढचे पत्रे उपटून काढले. ते मी भंगारात विकले. मागायला कोणी आलं नाही.

नंतर कधीतरी प्रश्न विचारल्यावर त्याचा हात नुसताच पडून राहायला लागला. हो पण नाही आणि नाही पण नाही. मग एका खेपेला झटकल्यासारखा जरासा हलला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. दुपट्ट्याखालचं आता मी सगळंच सांगत होतो. एकदा कायदा मोडला की मोडला.

शेवटी बाजार उघडला. मास्क हनुवटीवर, धूळ, शेण, आरडाओरडा, सगळं परत. तो जोडी घेऊन आला आणि हातात बापाची काठी. ज्याला दिली होती त्याच्याशी भांडून परत आणली म्हणे. आमच्या सौद्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे कोंडाळं जमलं. एकानं विचारलं, "काहून हो बसके शेठ, यानं तुम्हाले माफी मागतली म्हनते?"

मी छाती फुगवून काही बोलणार, त्याआधीच माझा दुश्मन काठीवर रेलला. "कोन, मी? बिमार होतो मी. बिमारीतलं बोलनं कोनी धरते का? बैल माह्याकडं होता तवर उभाच होता."

सगळा बाजार हसला. रागानं माझ्या कानशिलातून वाफ निघाली. माफी परत! इतक्या वर्षांनी मिळालेली एक माफी, तीही यानं भर बाजारात काढून घेतली. मी दात खाऊन दुपट्टा टाकला, त्याचा हात धरला आणि भाव बोलायच्या आधी जे विचारायचं ते हळूच विचारलं.

त्यानं हात असा झटकला की दुपट्टा शेणात पडला.

"पुन्यांदा हे इचारशील त हात मोडीन," तो दबक्या आवाजात म्हणाला. मग गर्दीकडे वळून ओरडला, "अन् याच्यासंग मी दुपट्ट्याखाली बोलत नसतो आता! हा मानूस दुपट्ट्याखालचं घरोघरी सांगते. म्हनून भाव तोंडानं सांगतो, ऐका सारे!" आणि त्यानं जो भाव सांगितला तो ऐकून बैलांनीही मान वळवली असती.

तो आरोप आजही माझ्यावर आहे. दोन-चार जुनी गिऱ्हाइकं त्यापायी तुटली, कारण दुपट्टा मोडणाऱ्या दलालाकडे लोक येत नाहीत, आणि कारण काय होतं ते मी बाजारात सांगत नाही. तो मात्र माझं नाव दर बाजारी न चुकता खराब करतो. मीही दर बाजारी न चुकता दुपट्टा टाकतो आणि विचारतो. तो हात झटकतो. मग आम्ही जोडीच्या भावावर भांडायला लागतो.

परवाच्या बाजारात त्यानं भाव आणखी वाढवला. जोडी म्हातारी होत चालली आणि हा वाढवतो! मी त्याला लुटारू म्हटलं, तो मला बसका म्हणाला, उन्हं कलेपर्यंत चाललं. घरी आलो तेव्हा घसा बसला होता.

"झाला का सौदा?" बायकोनं विचारलं.

"नाई."

"बरं झालं," ती म्हणाली. "हात धुऊन घ्या, वाढते."